टायर बसला, वॉरंटी अडली

२०२५ सालच्या जानेवारीतली गोष्ट. माझा पुतण्या पिकअप गाडी चालवतो. गाडी त्याची आहे. म्हणजे निम्मी त्याची आणि निम्मी अजून बँकेची. आमच्या माण तालुक्यातल्या बागांतली डाळिंबे तो आटपाडीच्या बाजारात पोचवतो. भाडे मिळते, त्यावर घर चालते.

त्या दिवशी तो पहाटे चारला म्हसवडहून निघाला. गाडीत डाळिंबाचे ऐंशी क्रेट होते. थंडी मरणाची. दिघंचीच्या अलीकडे मागच्या चाकाचा आवाज झाला. गाडी एका अंगाला झुकली. उतरून पाहतो तर टायर पार बसलेला. त्याने स्टेपनी काढली. तिच्यातही हवा नव्हती! बाजार चुकला तर माल पडून राहणार आणि बागवाला बोल लावणार. पुतण्याने मनाशी म्हटले, दिघंची दोन किलोमीटरवर आहे. हळूहळू नेऊ. आणि त्याने गाडी तशीच नेली.

ते दोन किलोमीटर त्याला सहा हजार सहाशे रुपयांना पडले. टायर नवा होता. दिवाळीच्या आधी घेतलेला. त्याला वॉरंटी होती. तरीही कंपनीने एक रुपया दिला नाही. मी रागावलो होतो. पण पुढे सगळे समजून घेतले, तेव्हा कळले की त्या वेळी कंपनीचे म्हणणे खरे होते. त्याच जोडीचा दुसरा टायर मात्र एप्रिलमध्ये बिघडला आणि त्या वेळी आम्ही खरे होतो. दोन्ही वेळा काय झाले ते सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी मोटारसायकल आहे, ट्रॅक्टर आहे, कोणाची जीप आहे. हा प्रसंग कोणावरही येतो.

आधी टायर म्हणजे काय ते पाहू.

आपल्या जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. सुतार चाक करी. लोहार धाव तापवून लाल करी, ती चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. थंड होताना धाव आवळून बसे. मी लहानपणी हे तासन्‌तास पाहत उभा राही आणि घरी गेल्यावर मार खाई. धाव सैल झाली की लोहार ती पुन्हा बसवून देई. त्याची पावती नव्हती. वॉरंटीचा कागदही नव्हता. लोहार गावातच राहायचा आणि सुगीला बलुते न्यायला दारात यायचा, हीच त्याची वॉरंटी. आज टायर कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात होतो. करणारा आपल्याला दिसत नाही. म्हणून कागद आला.

हवेचा टायर आला तो परदेशातून. १८८८ साली बेलफास्ट शहरातल्या जॉन बॉइड डनलॉप या गृहस्थांनी त्याचे पेटंट घेतले. ते जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार आदळे. त्यांनी रबराची नळी केली, तिच्यात हवा भरली आणि ती चाकाला गुंडाळली. सायकल मऊ चालू लागली. पुढे सायकलीवरून ही युक्ती मोटारीला आली आणि मोटारीवरून आपल्या बैलगाडीलाही आली. ऊस ओढणारी टायरगाडी तुम्ही पाहिली आहेच.

लोक समजतात की गाडीचे ओझे टायरचे रबर पेलते. तसे नाही. ओझे पेलते ती आतली हवा. रबर आणि त्याच्या आतले दोरे हवेला फक्त धरून ठेवतात. चेंडूत हवा असली तर त्यावर पोरगे बसले तरी तो दबत नाही. हवा काढली की तोच चेंडू पायाखाली चपटा होतो. टायर जाड दिसतो म्हणून फसू नका. त्याचेही तसेच आहे.

टायर कापून पाहिला तर आत दोऱ्यांचे थर दिसतात. गोधडीत एकावर एक थर असतात तसे. त्या थरांवर रबर बसवलेले असते. जमिनीला टेकणाऱ्या पाठीवर जाड रबर आणि नक्षी असते. दोन्ही बाजूंच्या भिंती मात्र पातळ असतात. चाक फिरताना वाकायचे काम त्या करतात. हवा पुरेशी असली तर त्या थोड्याच वाकतात. हवा कमी असली तर जास्त वाकतात आणि तापतात. हवा मुळीच नसली तर लोखंडी रिम आणि रस्ता यांच्यामध्ये त्या चेंगरतात. प्रत्येक फेऱ्याला दुमडतात. दोऱ्यावर दोरा घासतो. तार वाकवून वाकवून तोडतो आपण, अगदी तसेच होते. बाहेरून टायर ठीक दिसतो आणि आतून त्याचा भुगा झालेला असतो. हा भुगा खरोखरच असतो. दिघंचीच्या पंक्चरवाल्याने टायर रिमवरून उतरवला, तेव्हा आतून मूठभर काळी पूड पडली.

तो म्हणाला, “दादा, भोक काढता आलं असतं. हे आता कशानं काढू?”

पंक्चर काय होते? आपल्याकडे त्याला कारणांचा तोटा नाही. सराटे आहेत. वेडी बाभूळ आहे. तिचा काटा चपलेतून आरपार जातो, सायकलच्या टायरचे काय घेऊन बसलात! मी नोकरीत असताना सायकलने शाळेला जात असे. पिशवीत पुस्तकांबरोबर पंप असायचाच. सराटा नळीत शिरला की घमेल्यात पाणी घेऊन नळी त्यात बुडवायची. जिथे बुडबुडे येतात तिथे भोक. तिथे कानशीने घासायचे, सोल्युशन लावायचे, ठिगळ चिकटवायचे. सायकलचे ठीक आहे. हातात धरून चालत नेता येते. पिकअपला हात लावून कोण नेणार?

म्हणून वाटेत टायर बसला तर काय करायचे, ते नीट लक्षात ठेवा.

गाडी अचानक ओढू लागली किंवा मागून हलू लागली, तर जोराने ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग घट्ट धरा. वेग आपोआप कमी होऊ द्या. मग रस्त्याच्या कडेला, कडक आणि सपाट जागा पाहून थांबा. वळणावर थांबू नका. मोगराळे घाटासारख्या ठिकाणी हे फार जपावे लागते. वरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. चारी बाजूंचे दिवे लुकलुकत ठेवा. मागे थोड्या अंतरावर काही तरी खूण ठेवा. गाडीतली माणसे उतरवा. पोरांना रस्त्यापासून लांब बसवा.

हातब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. बसलेल्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून दगड लावा. आता पाना घ्या. पण जॅक अजून लावू नका. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा ढिला करा. गाडी उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरते. जॅक कुठे लावायचा ती जागा गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते. आपल्याकडे कडेला मुरूम असतो. तिथे जॅक रुततो आणि तिरका होतो. म्हणून गाडीत नेहमी एक जाड फळी ठेवा आणि तिच्यावर जॅक लावा. दगडावर लावू नका. दगड फुटतो.

आणि एक सांगतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात, पाय, डोके काहीही घालू नका. नट खाली घरंगळला तरी नको. काठीने ओढून घ्या. काढलेले चाक किंवा स्टेपनी गाडीच्या खाली आडवी सरकवून ठेवा. जॅक घसरला तर गाडी तिच्यावर टेकेल, तुमच्या अंगावर येणार नाही. सहा हजारांचा टायर दुसरा मिळतो.

नवे चाक चढवल्यावर नट आधी हाताने फिरवा. मग पान्याने आवळा. शेजारशेजारचे नट एकापाठोपाठ आवळू नका. एक आवळला की त्याच्या समोरचा घ्या. गाडी खाली उतरवून पुन्हा एकदा सगळे आवळा. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर आणखी एकदा पाहा.

हे सगळे करायला स्टेपनीत हवा पाहिजे. पेट्रोल पंपावर चार चाकांत हवा भरतात आणि पाचव्याला विसरतात. आमच्या पुतण्याचे तेच झाले. महिन्यातून एकदा तिच्यातली हवा तपासा. हवा किती हवी तो आकडा बहुतेक गाड्यांवर दारापाशी लिहिलेला असतो. पुस्तकात तर असतोच. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. तापल्यावर आकडा वाढून दिसतो.

स्टेपनी नसली किंवा बसलेली असली तर? तर गाडी तिथेच ठेवा. जाणाऱ्या मोटारसायकलवर चाक बांधून पंक्चरवाल्याकडे पाठवा, किंवा त्यालाच फोन करून बोलवा. माल दुसऱ्या गाडीत भरा. दोनचारशे रुपये जातील. ट्यूब नसलेला टायर असेल आणि त्यात खिळा दिसत असेल, तर खिळा उपटू नका. खिळाच भोक बुजवून बसलेला असतो. हवा भरून तेवढ्यावर दुकानापर्यंत जाता येते.

आता वॉरंटीकडे येऊ.

आपण सगळ्यालाच ‘गॅरंटी’ म्हणतो. दुकानदारही म्हणतो, “घ्या हो, गॅरंटी आहे.” तोंडी गॅरंटी मोजता येत नाही. वॉरंटी म्हणजे कंपनीने छापून दिलेला शब्द. टायरच्या बाबतीत तो शब्द साधारण असा असतो : टायर बनवताना राहिलेला दोष आमचा. पुढे तुमच्या हातून झालेले नुकसान तुमचे. पंक्चर, काप, दगडावर आपटणे, अपघात, कमी हवा, जास्त ओझे, हे सगळे वॉरंटीच्या बाहेर. काट्याची वॉरंटी कोण देणार? बाभूळ काही कंपनीने लावलेली नाही. जुन्या टायरवर नवी पाठ चढवून जो रिमोल्ड टायर विकतात, त्याला मूळ कंपनीची वॉरंटी नसते.

मग भांडण कशावरून होते? दोष बनवतानाचा की वापरातला, एवढ्याच प्रश्नावरून. कंपनीचा तपासनीस येतो आणि टायर पाहतो. दुकानदार म्हणतो, “क्लेम टाकलाय, पास होतो का बघू.” तपासनीस काय पाहतो ते आपल्यालाही पाहता आले पाहिजे. फारसे अवघड नाही.

हवा नसताना गाडी चालवली असेल, तर टायरच्या बाजूच्या भिंतीवर आतून गोल फिरलेला घासल्याचा पट्टा दिसतो. आत पूड सापडते. दगडावर किंवा खड्ड्यात आपटला असेल, तर आतले दोरे एकाच जागी तुटलेले असतात. कधी फुलीसारखी चीर दिसते आणि बाहेरही त्याच जागी खूण असते. बाजूच्या भिंतीवर आलेला फुगा पुष्कळदा असाच आपटून आलेला असतो. हवा नेहमीच कमी ठेवली असेल किंवा ओझे जास्त घातले असेल, तर पाठीच्या दोन्ही कडा आधी झिजतात आणि मधली नक्षी शिल्लक राहते. हवा जास्त असली तर उलट होते, मधला भाग झिजतो. आणि पाठ सारखी झिजलेली आहे, काप नाही, खिळा नाही, आपटल्याची खूण नाही, तरी पाठीवरचे रबर आतल्या थरापासून सुटून फोड आला आहे, असे असेल तर बनवतानाच्या दोषाचा संशय घ्यायला जागा आहे.

म्हणजे टायरच साक्षीदार आहे. तपासनीस त्यालाच विचारतो. पुतण्याने बसलेल्या टायरवर दोन किलोमीटर गाडी चालवली, तेव्हा त्याने हा साक्षीदारच मारून टाकला. टायर मुळात का बसला होता? खिळ्याने? दोषाने? आता कोणी सांगू शकत नव्हते. आत गोल पट्टा होता, पूड होती. तपासनिसाने कागदावर लिहिले, ‘हवा नसताना चालवला.’ ते खोटे कसे म्हणायचे?

त्याने आणखी एक विचारले, “माल किती भरता?”

पुतण्या माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, “खरं सांग.” गाडीची ताकद तेराशे किलोची. ऐंशी क्रेट, वीस किलोचा एक, म्हणजे सोळाशे किलो. तीन क्विंटल जास्त! टायर किती ओझे पेलेल ते टायरच्या अंगावरच लिहिलेले असते. घरी येताना पुतण्या माझ्यावर चिडला होता. “तात्या, तुमी कंपनीकडनं बोलताय का माझ्याकडनं?” मी काही बोललो नाही. पण त्या दिवसापासून तो साठच क्रेट भरू लागला. हे पुढे कामाला आले.

एप्रिलमध्ये दुसऱ्या मागच्या टायरची पाळी आली. म्हसवडजवळच गाडी धडधड उड्या मारू लागली. या वेळी तो पन्नास पावलांत थांबला. हाताने चाचपले तर टायरच्या पाठीवर लिंबाएवढा फोड. हवा पूर्ण भरलेली होती. त्याने फळी टाकून जॅक लावला, स्टेपनी चढवली, आणि फोड आलेला टायर हवेसकट माझ्या ओट्यावर आणून ठेवला. मोबाइलवर फोटो काढले : फोडाचा, दोन्ही बाजूंचा, सगळ्या नक्षीचा, आणि टायरवरच्या आकड्यांचा.

हे आकडे काय असतात? टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे दिसतात. आमच्या टायरवर २३२४ होते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, जूनमध्ये, हा टायर तयार झाला. पहिल्या टायरवरही तेच आकडे निघाले. टायर घेताना हे आकडे जरूर पाहा. दुकानात चार वर्षे पडून राहिलेला टायर नवा म्हणून गळ्यात पडू शकतो. टायरवर आयएसआयची खूणही असायला हवी. त्याखेरीज टायरचा स्वतःचा क्रमांक असतो. तो बिलावर किंवा वॉरंटीच्या कागदावर दुकानदाराकडून लिहून घ्या. नाही तर दुकानदार म्हणेल, हा टायर आमचा कशावरून?

आणि बिल पक्के घ्या. पुष्कळ जण दोनशे रुपये वाचवायला साध्या चिठ्ठीवर टायर घेतात. ती चिठ्ठी भांडणात चुलीत घालायच्या कामाची. मागूनही बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. तेव्हा बिल मागताना लाजू नका.

आमच्याकडे बिल होते. दुकानदाराने क्लेम टाकला. तपासनीस आला, पाच मिनिटे उभा राहिला, म्हणाला, “दगडावर आपटलाय.”

मी विचारले, “साहेब, कुठं आपटलाय ते दाखवा.”

तो म्हणाला, “गुरुजी, आम्ही रोज पन्नास टायर बघतो.”

मी म्हटले, “हा एक्कावन्नावा. उतरवून आतनं बघू या.”

पंक्चरवाल्याने टायर उतरवला. आत हात फिरवला. सगळे गुळगुळीत. दोरा तुटलेला नाही, पूड नाही, चीर नाही. तपासनिसाने तरीही कागदावर ‘बाहेरची इजा’ असे लिहिले आणि तो निघाला. मी त्या कागदाची प्रत मागून घेतली. नकार तोंडी घेऊ नका. तोंडी नकाराला पुढे कोणी विचारत नाही.

मग आम्ही अर्ज लिहिला. एक दुकानदाराला, एक कंपनीच्या कार्यालयाला. कार्यालयाचा पत्ता वॉरंटीच्या कागदावर होता. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला आणि पोचपावती जपून ठेवली. अर्जाचा मजकूर देतो. तारखा आणि आकडे तुम्ही आपले घाला.

“महाशय,
मी दिनांक … रोजी … येथील दुकानातून … आकाराचे दोन टायर विकत घेतले. बिल क्रमांक …. त्यांपैकी … क्रमांकाच्या टायरच्या पाठीवर दिनांक … रोजी फोड आला. त्या वेळी टायरमध्ये हवा पूर्ण होती. टायरला खिळा, काप किंवा आपटल्याची खूण नाही. आतील दोरे तुटलेले नाहीत. आपल्या तपासनिसांनी दिनांक … रोजी ‘बाहेरची इजा’ हे कारण लिहून क्लेम नाकारला. इजा कोठे आहे ते दाखवलेले नाही. तरी माझ्यासमक्ष टायरची पुन्हा तपासणी करावी व वॉरंटीप्रमाणे भरपाई द्यावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.
सोबत : बिलाची प्रत, नकाराची प्रत, फोटो.
आपला,
(सही)”

मूळ बिल पाठवू नका. प्रतच पाठवा. टायरही पोच घेतल्याशिवाय कोणाच्या ताब्यात देऊ नका.

त्याच दिवशी पुतण्याने १९१५ या क्रमांकावर फोन केला. ही सरकारची ग्राहकांसाठीची मदतवाहिनी आहे. तिथे मराठीतही बोलता येते. त्यांनी तक्रार लिहून घेतली, तिचा क्रमांक दिला आणि कंपनीकडे पाठवली. मदतवाहिनी निकाल देत नाही. पण कंपनीला उत्तर द्यायला लावते.

तेवढ्याने भागले नाही तर पुढे ग्राहक आयोग आहे. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याच्या आधीच पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम १९७४ साली सुरू केले होते. आता २०१९ सालचा नवा कायदा आहे. तो जुलै २०२० मध्ये लागू झाला. माणमधल्या माणसाने सातारच्या जिल्हा आयोगाकडे जायचे, आटपाडीच्या माणसाने सांगलीच्या. दुकान किंवा कंपनी कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ही सोय नव्या कायद्याने केली. वकील लावलाच पाहिजे असे नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे.

इथे एक शंका आमच्या गावात निघाली. एक जण म्हणाला, “पिकअप धंद्याची हाय. धंदेवाल्याला गिऱ्हाईक म्हणत न्हाईत.” त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. नफ्याच्या व्यापारासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागत नाही. पण जो माणूस स्वतः राबून, केवळ आपल्या पोटापाण्यासाठी ती वस्तू वापरतो, तो ग्राहकच. पुतण्या स्वतः गाडी चालवतो. त्याने तसे तक्रारीत स्पष्ट लिहायला हवे. वीस गाड्या ठेवून ड्रायव्हर नेमणाऱ्या मालकाचे वेगळे.

दोष डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग टायर प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे पैसे आधी तक्रारदाराला भरावे लागतात. अशा तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत लावावा, तपासणी नसेल तर तीन महिन्यांत, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हेही सांगितलेले बरे. पण प्रयोगशाळेत पाठवायला टायर तर हवा! पुष्कळ जण रागाच्या भरात टायर भंगारवाल्याला देतात आणि मग तक्रार घेऊन येतात.

आम्ही सातारला जायची तयारी केली होती. कागदांचा गठ्ठा मी स्वतः शिवला होता. पण बाराव्या दिवशी कंपनीचा दुसरा, वरचा तपासनीस आला. हा माणूस अर्धा तास खाली बसून टायर पाहत होता. त्याने नक्षी मधोमध आणि दोन्ही कडांना मोजली. सगळीकडे सहा मिलिमीटर. म्हणजे कडा जास्त झिजलेल्या नव्हत्या. साठ क्रेटचा हा गुण. त्याने पहिल्या टायरवरचे आकडेही पाहिले, पण त्यावर काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, “क्लेम मान्य करतो.”

पुतण्याला वाटले, सहा हजार सहाशे परत मिळणार. तसे होत नाही. जेवढी नक्षी झिजली तेवढा टायर तुम्ही वापरला, असा हिशेब धरतात. नव्या टायरची नक्षी नऊ मिलिमीटर खोल होती. सहा शिल्लक होती. म्हणजे तीन हिश्शांपैकी दोन हिस्से शिल्लक. सहा हजार सहाशेचे दोन हिस्से चार हजार चारशे. तेवढी रक्कम नव्या टायरच्या किमतीतून वजा झाली आणि दोन हजार दोनशे पुतण्याने भरले. ही पद्धत कंपनीगणिक थोडी वेगळी असते, ती वॉरंटीच्या कागदात लिहिलेली असते. नक्षीच्या खोबणीत मधूनमधून छोटे उंचवटे असतात. झिजून नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की वॉरंटी संपली आणि टायरही संपला. मग तो वापरू नये.

फोडाचा टायर कंपनी घेऊन गेली. पहिला टायर आमच्याकडेच आहे. पुतण्याने तो मधून कापला आणि आतली बाजू वर करून खुंटीला टांगला. नवा ड्रायव्हर कोणी चहाला आला की तो त्याला आतला काळा पट्टा दाखवतो.